पटलातल्या प्रथिनाची खूण

पेशीपटलात रुतलेले प्रथिन स्फटिकरूपात मिळवणे फार जिकिरीचे. शिवाय स्फटिकात दिसते ती त्याची एकच स्थिती. मग त्याची हालचाल पाहायची कशी? १९६५ मध्ये अमेरिकेत हार्डन मॅक्कॉनेल यांनी वाट दाखवली. जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असलेला नायट्रॉक्साइड रेणू प्रथिनाला खूण म्हणून चिकटवायचा. चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मतरंग सोडले, की मोकळी फिरणारी खूण तीन टोकदार रेषा देते. अडकलेलीच्या रेषा पसरट होतात.

पण खूण हवी तिथे बसेना. पुढे जनुक बदलून हव्या त्या जागी सिस्टीन घालता येऊ लागले, आणि खूण तिथेच बसू लागली. वेन हबेल व हरगोविंद खोराना (हो, नोबेलविजेते खोरानाच!) यांच्या गटांचा १९९६ चा प्रयोग आम्हाला विशेष आवडतो. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनच्या सात सर्पिलांपैकी तिसऱ्या व सहाव्याच्या टोकांशी त्यांनी खुणा लावल्या. प्रकाश पडताच खुणांमधले अंतर वाढले. ही दोन सर्पिले गंधकबंधाने एकमेकांना बांधली, तर पुढच्या प्रथिनाला संदेशच जाईना!

ऱ्होडॉप्सिनची स्फटिकावरून काढलेली रचना आली २००० साली, आणि तीही अंधारातल्या अवस्थेची.