घरी बसणारा मतदार आणि १९३७ चा धडा

"सगळे पक्ष सारखेच, मत देऊन काय उपयोग?" हा प्रश्न आज वस्तीवस्तीत ऐकू येतो. नाराजी खरी आहे. पण घरी बसलेला मतदार रागावला होता की झोपला होता, हे मतमोजणीत कुणालाच कळत नाही. त्याची दखल तरी कोण घेणार?

मित्रहो, मताचा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. तरीही १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मत मोजक्याच लोकांना होते.

त्या वेळी प्रस्थापित पक्षांवर बाबासाहेब नाराज नव्हते काय? होते. त्यांनी बहिष्कार पुकारला नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि काही महिन्यांतच मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले. बहुसदस्य मतदारसंघात आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची तेव्हा सोय होती. संख्येने कमी असलेल्यांना तिचे मोल मोठे होते. १४ उमेदवार निवडून आले.

काम तिथे थांबले नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही, पण खोतीचा प्रश्न दडपता आला नाही. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

आज 'नोटा' आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने तो मिळाला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा'ला २७ हजारांहून अधिक मते पडली, दुसरा क्रमांक! राग नोंदला गेला, म्हणून 'नोटा' घरी बसण्यापेक्षा बरा. पण विधानसभेत 'नोटा' पहिला आला तरी सर्वाधिक मते मिळालेला उमेदवारच निवडून येतो.

म्हणून नाराजांनो, मत मागायला येणाऱ्याला पाच वर्षांचा हिशेब विचारा. ग्रामपंचायतीपासून, वॉर्डापासून आपला उमेदवार उभा करा. कुणीच लायक नसेल तर 'नोटा' दाबा. आणि निकालानंतर ग्रामसभेत, माहिती अधिकारात, मोर्चात पाठपुरावा करा. मूठभरांनाच मत असताना आपल्या माणसांनी १४ जागा जिंकल्या. आज प्रत्येक प्रौढाला मत आहे, मग आपण घरी का बसायचे?

जय भीम!