एका पात्रातले पाणी : शीख धर्म, बाबासाहेब आणि आपण

बाबासाहेबांचे धर्मांतर म्हटले की आपल्याला दोन तारखा आठवतात. १३ ऑक्टोबर १९३५, येवला आणि १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मधली एकवीस वर्षे आपण "बाबासाहेबांनी सर्व धर्मांचा अभ्यास केला" एवढ्या एका वाक्यात संपवतो. त्या वर्षांत एक धर्म असा होता की ज्याच्या दारापर्यंत आपला समाज जाऊन पोहोचला होता. तो शीख धर्म. आज आपलेच काही तरुण म्हणतात, "शीख म्हणजे हिंदूंचीच शाखा, काय फरक पडला असता?" काही उलट म्हणतात, "शीख झालो असतो तर कुणाची हिंमत झाली नसती." दोघेही तो धर्म समजून न घेता बोलतात. म्हणून आधी धर्म पाहू, मग इतिहास.

गुरू नानकांचा जन्म १४६९ चा. त्यांची शिकवण थोडक्यात अशी : ईश्वर एक आहे, तो निराकार आहे आणि तो जन्म घेत नाही. म्हणजे अवतार नाही, मूर्तिपूजा नाही, जानवे नाही, सोवळे-सुतक नाही. आमच्या वालावलात रात्रभर दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला यातले बंड लगेच कळते. बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनीही अवतार नाकारला आणि बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचा प्रचार खोटा ठरवला. अवतार नाकारला की त्याच्या नावाने मान घेणारा मध्यस्थही नाकारला जातो.

आचरणाची सूत्रे तीन. नाम जपणे, कष्टाची भाकर खाणे आणि ती वाटून खाणे. यातूनच लंगर आले. तिसरे गुरू अमरदास यांचा दंडक होता : आधी पंगत, मग संगत. भेटीला येणारा कितीही मोठा असो, त्याने आधी सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. 'पंगत' हा शब्द आपलाही आहे. पण कोकणच्या गावऱ्हाटीत पंगतीला मानपान असतो. कोण आधी, कोण नंतर आणि कोण अंगणाबाहेर, हे जातच ठरवत आली. एकच शब्द, पण तिथे तो जात मोडायला वापरला आणि इथे जात राखायला.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला दहावे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथ स्थापला. पहिल्या पंचप्यारांत लाहोरचा खत्री होता, हस्तिनापूरचा जाट होता, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा छिंबा म्हणजे कापड छापणारा, आणि आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरचा न्हावी होता. पाचही जण एकाच लोखंडी पात्रातले अमृत प्यायले आणि नंतर गुरूंनी त्यांच्याच हातून ते घेतले. केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही पाच चिन्हे आली. पुरुषांच्या नावापुढे 'सिंग' आणि स्त्रियांच्या नावापुढे 'कौर' आले. जातीची ओळख सांगणारे आडनाव गळून पडावे हा त्यामागचा हेतू. १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी ज्यांनी डोकी फोडून घेतली, त्यांच्या वारसांना एका पात्रातल्या पाण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरू केले. त्या ग्रंथात आपल्या नामदेव शिंप्याची ६१ पदे आहेत. कबीर विणकर आणि रविदास चांभार हेही त्यात आहेत. पंढरपुरात चोखोबा देवळाच्या पायरीखाली राहिले आणि त्यांच्या लेकरांना आत जायला १९४७ साल उजाडले. शीख धर्मात मात्र प्रत्येक जण ज्या ग्रंथापुढे डोके टेकवतो, त्या ग्रंथातच रविदास बसले आहेत.

हे सर्व बाबासाहेबांना माहीत होते. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण झाले. जूनमध्ये डॉ. मुंजे यांच्याशी शीख धर्मांतरावर बोलणी झाली. सप्टेंबरमध्ये १३ जणांची तुकडी अभ्यासासाठी अमृतसरला रवाना झाली. १९३७ ला मुंबईत माटुंग्याला खालसा कॉलेज उभे राहिले, तेही याच संबंधांतून.

मग अडले कुठे? पहिली अडचण राजकीय होती. शीख झालेल्या अस्पृश्यांना पुणे कराराने मिळालेले हक्क राहणार का, हा प्रश्न होता. गांधीजींनी आणि अनेक हिंदू पुढाऱ्यांनी या योजनेला विरोध केला.

दुसरी अडचण पंजाबच्या गावात होती. १९२० मध्ये अमृत घेतलेल्या दलित शिखांचा प्रसाद हरमंदिर साहिबच्या पुजाऱ्यांनी नाकारला. सुधारकांनी तिथेच संघर्ष केला आणि पुजाऱ्यांना माघार घ्यावी लागली, हेही खरे. पण जमिनीचे काय? १९०० च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने 'शेतकरी जमाती' ठरवल्या, त्यांत दलित नव्हते. लंगरमध्ये शेजारी बसणारा शेतावर मालकच राहिला. २००३ मध्ये जालंधरजवळच्या तल्हण गावात दलितांनी धर्मस्थळाच्या समितीत वाटा मागितला, तर त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार आला. २०१० मध्ये रविदासियांच्या एका मोठ्या गटाने आपला स्वतंत्र धर्म आणि ग्रंथ जाहीर केला. २०११ च्या जनगणनेत पंजाबमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३२ टक्के आहे, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. तरीही ही स्थिती.

यावरून गुरूंना दोष देणे चूक आहे. त्यांनी जात मोडायची साधने दिली होती. अनुयायांनी ती गुरुद्वाराच्या आत वापरली आणि जमीन, सोयरीक, स्मशान या ठिकाणी जात तशीच ठेवली. धर्म बदलतो त्या दिवशी जात मरत नाही. ती रोजच्या व्यवहारात मारावी लागते.

आता हाच आरसा आपल्यासमोर धरू. बुद्धविहारातल्या भोजनदानाला आपण एका पंगतीत बसतो. पण आपल्या सिंधुदुर्गात बौद्धवाडी आणि चर्मकारवाडी यांच्यात सोयरीक किती होते? वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारणारे कोण असतात? तल्हणच्या जाटांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरच्या लग्नपत्रिकेकडे पाहणे अवघड आहे.

शीख धर्माचा अभ्यास आपल्याला यासाठी हवा. बाबासाहेबांनी तो मार्ग का घेतला नाही एवढेच शोधून थांबू नका. तिथले चांगले काय, ते घ्या. आणि तिथे जे अर्धवट राहिले, ते आपल्याकडे अर्धवट राहू देऊ नका.

जय भीम.