चिखलातला हंगाम

क्रिकेट हा उन्हाचा खेळ, असे साहेब म्हणो. मुंबईकराने तो पावसात नेला. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची लीग १९४८ साली सुरू झाली, ती भर पावसाळ्यात. खेळपट्टी उघडी, चेंडू कधी छातीवर येतो, कधी सरपटतो. गवत एवढे वाढलेले, की जमिनीलगतचा फटका चार पावलांवर अडतो. म्हणून उचलूनच मारावे लागते. मुंबईचे फलंदाज अशाच चिखलात पोसले.

आम्ही मात्र अगदी तळच्या विभागातले. आझाद मैदानावर शेजारच्या सामन्यातला क्षेत्ररक्षक माझ्या पाठीला पाठ लावून उभा असे! आमचा यष्टिरक्षक साठी उलटलेला पेन्शनर, आणि गोलंदाज माझ्याच वर्गातला, नववीचा पोरगा. अखेरच्या रविवारी त्याच्या चार विकेट झाल्या होत्या. पाचवा झेल उंच उडाला, थेट माझ्याकडे. मी घसरलो. पोरगा काही बोलला नाही. काका ओरडले, “मास्तर, हात पुसा! अजून दोन चेंडू आहेत.”

तेवढ्यात पाऊस आला.

सोमवारी हजेरी घेताना त्याचे नाव आले, तेव्हा मी मान वर केली नाही. “हजर,” तो म्हणाला.