मोटारीला प्राधान्य : शोध की केवळ आज्ञावली?

कार्यालयातील प्रिंटर अथवा झेरॉक्स यंत्रातील चिपला एकाच वेळी अनेक कामे सांभाळावी लागतात. कळफलकाकडे लक्ष ठेवणे, संगणकाकडून आलेला मजकूर स्वीकारणे आणि मोटारींना ठरावीक क्षणी विद्युत स्पंद पुरवणे ही त्यांतील प्रमुख. पडद्यावरील अक्षरे क्षणभर उशिरा उमटली तरी बिघडत नाही. मात्र स्टेपर मोटारीचा स्पंद चुकला, तर ड्रमवरील प्रतिमा आणि कागद यांचा मेळ बसत नाही. छपाई सरकते किंवा कागद अडकतो. म्हणूनच इतर कामे थांबवून मोटारीला प्राधान्य दिले जाते.

हा प्राधान्यक्रम यंत्राचा भाग मानायचा की निव्वळ आज्ञावली, हा पेटंटविषयक वादांतील कळीचा मुद्दा आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८१ मध्ये असाच एक प्रश्न आला होता. 'डायमंड विरुद्ध डीअर' हा तो खटला. रबराच्या साच्यातील तापमान सतत मोजून साचा नेमका कधी उघडायचा, हे संगणक ठरवत असे. पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला होता. न्यायालयाने मात्र, गणिती सूत्र वापरले म्हणून संपूर्ण औद्योगिक प्रक्रिया अपात्र ठरत नाही, असा निर्वाळा पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

युरोपीय पेटंट करारानुसार निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट मिळत नाही. तांत्रिक परिणाम दाखवावा लागतो. भारतातही पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये निव्वळ आज्ञावली वगळण्यात आली आहे. २००४ च्या अध्यादेशाने ही तरतूद शिथिल करण्याचा प्रयत्न झाला. परंतु २००५ च्या दुरुस्ती कायद्यात संसदेने तो बदल स्वीकारला नाही. तांत्रिक परिणाम किंवा योगदान दाखवणारा शोध केवळ आज्ञावलीवर आधारित असल्याने अपात्र ठरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले.

अर्थात, पात्रतेची पायरी ओलांडली म्हणजे पेटंट मिळाले असे नव्हे. तातडीच्या कामाला आधी वेळ देणे हे संगणकशास्त्रातील जुनेच तत्त्व असल्याने नावीन्य स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. पेटंटची मुदत २० वर्षांची असते. दावा फार व्यापक मान्य झाला, तर प्रतिस्पर्धी उत्पादकांना साधी सोयही वापरता येत नाही. तो सरसकट नाकारला, तर संशोधनावरील खर्च वाया जातो. दाव्यातील एकेका शब्दावरून वर्षानुवर्षे लढे चालतात ते यामुळेच.