हयातीचा दाखला आणि डावा अंगठा

निजामी अमदानीत नांदेडच्या आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूरच्या इनामदारास सरकारवरील आपला हक्क अतियातीच्या, म्हणजे इनामांच्या, चौकशीतून मिळालेल्या मुंतखबाने, म्हणजे हक्काच्या दाखल्याने, शाबीत करावा लागे, आणि तो मृत्यू पावताच वारसाची चौकशी नव्याने होई. कारण मृताच्या नावे जिवंताने रक्कम उचलावी, हा खजिन्याइतकाच जुना अपराध आहे. त्याच अपराधास आळा घालण्यासाठी विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1877 साली बंगालमधील हुगळी येथे निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे घेण्याची पद्धत घातली.

पुढे 1980 मध्ये संजय गांधी निराधार योजना आली, तेव्हा निरक्षर विधवा-वृद्धांच्या अर्जांवर ‘निशाणी डावा अंगठा’ या अक्षरांशेजारी तोच शाईचा ठसा उमटू लागला. तो निदान कागदावर, डोळ्यांदेखत राही. आज आधारशी जोडलेल्या खात्यातून गावच्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकताच पैसे निघतात. आणि ठशाची नक्कल करून, किंवा ‘अंगठा उठला नाही’ असे सांगून तो पुन्हा ठेववून, निराधाराचे अनुदान हिरावले जाते, याहून निंद्य चोरी मला दुसरी दिसत नाही.

म्हणून घरच्या वृद्धांचे बायोमेट्रिक आधारच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करून द्या, पैसे काढण्यापुरतेच ते उघडा, प्रत्येक वेळी पावती मागा, आणि रक्कम गेल्याचे दिसताच 1930 या सायबर-फसवणूक मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवा.