ओझें ठेवायचें कोठें?

सुटी लागली कीं आमच्या घरीं दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, चार दिवसांच्या प्रवासाला दोन जोड कपडे पुरेत. दुसरा पक्ष कांहींच न बोलतां पेटींत शाल, लाडवांचा डबा, औषधांची पुरचुंडी आणि ‘असूं द्या, लागलें तर’ या सदरांत मोडणाऱ्या दहापांच वस्तू भरीत असतो. आमच्या लहानपणीं हाच कलह वळकटी आणि फिरकीचा तांब्या यांवरून होई. हल्लीं पेट्यांना चाकें आलीं, एवढाच काय तो फरक. या वादांत आम्ही सदैव पहिल्या पक्षाचे. परंतु अलीकडील वाचनानें आमच्या पक्षाभिमानाला थोडा तडा गेला आहे. तो कसा, तें वाचकांपुढें मांडतों.

हवापालटासाठीं केलेल्या ज्या प्रवासांचें वर्णन बारकाईनें लिहून राहिलें आहे, त्यांत औरंगजेबाचा काश्मीरप्रवास प्रमुख होय. १६६२ सालीं बादशहाला जबर दुखणें आलें. त्यांतून उठल्यावर थंड हवेंत कांहीं काळ काढावा असें ठरून डिसेंबरांत त्यानें दिल्ली सोडली. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या वेळीं दानिशमंदखान या अमिराच्या पदरीं होता. धन्याबरोबर तोही निघाला आणि वाटेवरून त्यानें मायदेशीं पत्रें लिहिलीं. बादशहाचे तंबू दुहेरी असत. एका मुक्कामावर बादशहा झोंपलेला असे, तेव्हांच दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा होत असे. यालाच पेशखाना म्हणत, आणि तो वाहण्यास साठाहून अधिक हत्ती, दोनशें उंट, शंभर खेंचरें व शंभर हमाल लागत, असें बर्निए सांगतो. शिवाय ७० जड तोफा होत्याच. प्रकृति सुधारण्यास निघालेल्या गृहस्थाला तोफा कशाला, असें वाचकांना वाटेल. पण बादशहाची सावली जेथें पडे तेथें त्याचें राज्य पडे, आणि राज्य घरीं ठेवून येणें त्याला शक्य नव्हतें. बापाला आग्र्याच्या किल्ल्यांत कोंडून ज्यानें तख्त मिळविलें, त्यानें तें दिल्लीस मागें ठेवून कोणाच्या भरंवशावर जावें? पंधरा दिवसांच्या वाटेला, म्हणजे दिल्लीहून लाहोरला, या स्वारीस जवळजवळ दोन महिने लागले.

लाहोरच्या पुढें मात्र डोंगर सुरू झाला, आणि डोंगरानें जें शिकविलें तें कोणा वजिराला शिकवितां आलें नसतें. सर्वांनीं आपापलें जड सामान मागें ठेविलें. बर्निएनें स्वतःचा मोठा तंबू व पुष्कळसें सामान लाहोरांत टाकलें. अमीरउमरावांनीं तेंच केलें, खुद्द बादशहानेंही केलें. पीरपंजाळच्या पायथ्याशीं भिंबर येथें बहुतेक फौज थांबवून अगदीं निकडीचीं माणसें तेवढीं वर न्यायचें ठरलें. इतकी काटछांट करूनही बर्निएला स्वतःपुरते तीन हमाल लागले, आणि एकट्या बादशहाला सहा हजार! घाटांत हत्ती फार नको होते. पण जनान्याची सोय म्हणून थोडे घेतले. चढणीवर एक हत्ती बिथरून मागें सरला, त्यानें मागच्याला ढकललें, आणि पंधरा हत्ती दरींत कोसळले. तीनचार स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. दोन दिवसांनीं बर्निए त्या वाटेनें गेला तेव्हां खालीं कांहीं हत्ती अजून सोंड हालवीत होते.

याच सुमाराला, १६६४ च्या जानेवारींत, शिवाजीमहाराज सुरतेवर जाऊन परतही आले होते. हा विरोध आपल्याकडे शाळेपासून शिकवितात: मोंगल जड, मराठे हलके. तें खोटें नाहीं. पण सभासदाची बखर उघडून पाहावी. लष्करांत बायका, बटकी, कलावंतिणी नेऊं नयेत, नेल्यास देहदंड, ही कलमें सर्वांच्या तोंडीं असतात. त्याच ठिकाणीं दुसरीही व्यवस्था सांगितली आहे, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस यावें, दाणावैरण, औषधें, माणसाघोड्यांस घरें गवतानें शाकारून आधींच तयार असावीं. दसऱ्यास निघतांना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी करावी, परत येतांच झडती घ्यावी. शिपाई हलका निघे, कारण त्याचें ओझें स्वराज्यानें आणि गडांनीं आपल्या खांद्यावर घेतलेलें असे. १७२८ मध्यें पालखेडपाशीं पहिल्या बाजीरावानें निजामाचें दाणापाणी तोडून त्यास तहाला आणलें. त्या धांवपळीच्या युद्धांतही रान ओळखीचें होतें, हें विसरूं नये.

मग पानिपत. बुणग्यांनीं पानिपत बुडविलें, हें वाक्य आम्हीं वर्गांत अनेक वर्षें उच्चारलें. आतां उच्चारतांना जीभ अडखळते. १७६० च्या मार्चांत भाऊसाहेब परतुडाहून निघाले तेव्हांपासून फौजेबरोबर कुटुंबें आणि यात्रेकरू होते. न लढणाऱ्यांची संख्या लढणाऱ्यांहून कमी नव्हती. जड तोफा आणि बायकामुलें मागें सुरक्षित ठेवून सडे लढावें, असा सल्ला सूरजमल जाटानें दिल्याचें सांगतात. सल्ला उत्तम होता. भाऊंनीं तो मानला नाहीं, ही चूक आम्हीही चूकच समजतों. पण ठेवायचें कोठें? सुरक्षित किल्ले म्हणावेत तर बरेचसे सूरजमलाचे. आणि ज्याच्या किल्ल्यांत आपलीं बायकामुलें, त्याच्याशीं उद्यां वांकडें आलें तर काय, ही शंका सेनापतीला येणारच. आणि आलेंही तसेंच. सूरजमल दिल्लीहून निघून गेला. उत्तरेंत मराठ्यांची चौथाई होती, छावणी नव्हती. यात्रेकरूंचेंही तेंच. त्या धामधुमींत काशीप्रयागास जाण्याचा सुरक्षित मार्ग एकच, तो म्हणजे लष्कराच्या पाठीमागून. त्यांना हांकलून देणें म्हणजे लुटारूंच्या हवालीं करणें. ऑक्टोबरांत अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर बसला, आणि ओझें ठेवण्याची जागा उरलीच नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं फौज बाहेर पडली ती गोल बांधून, न लढणाऱ्यांना पोटांत घेऊन.

त्या गोलांत एक अठरा वर्षांचा मुलगा होता. आई आणि पत्नी यांच्यासह तो तीर्थयात्रेच्या इच्छेनें फौजेबरोबर आला होता. पत्नी वांचली आणि पुढें त्याला भेटली; आई परत आली नाहीं. हा मुलगा म्हणजे नाना फडणीस. स्वतःच्या हातानें लिहिलेल्या लहानशा आत्मचरित्रांत त्यानें हें सारें नमूद केलें आहे, आणि बुणग्यांविषयीं बोलण्यापूर्वीं आम्ही हल्लीं तीं पानें आधीं वाचून दाखवितों.