फटीतल्या हवेशी झुंज : थर्मल पेस्टचा इतिहास आणि तिची निवड

१/
संगणक स्वतः जोडणारा तरुण प्रोसेसर कोणता, कूलर कोणता यावर महिनाभर खल करतो. थर्मल पेस्ट मात्र बहुधा नळीवर छापलेला आकडा पाहून उचलली जाते. तो आकडा काय सांगतो आणि काय झाकतो, हे उमगण्यासाठी या पेस्टचा अर्ध्या शतकाहून जुना इतिहास पाहावा लागतो. आजचा धागा त्याविषयी.

२/
मूळ प्रश्न हवेचा आहे. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. पण सूक्ष्म पातळीवर दोन्हींवर उंचवटे आणि खळगे असतात. दोन पृष्ठे काही बिंदूंवरच एकमेकांना टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर हवेची सुमारे ०.०२६. म्हणजे उत्तम तांब्याच्या वाटेवर १५ हजार पटींनी निकृष्ट असा अडसर उभा राहतो. ही हवा हुसकावून फट भरणे, एवढेच पेस्टचे काम.

३/
या पेस्टची कुळकथा संगणकाआधी सुरू होते. १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ केमिकल आणि कॉर्निंग ग्लास या कंपन्यांनी मिळून डाऊ कॉर्निंगची स्थापना केली. तिचे आरंभीचे सिलिकोन ग्रीस युद्धातील विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेला ओल आणि विद्युतगळतीपासून जपण्यासाठी वापरले गेले. उष्णतेत न वितळणारे, थंडीत न गोठणारे आणि वीज न वाहणारे हे ग्रीस पुढे वेगळ्याच कामी आले.

४/
१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. मोठी वीज हाताळणारे ट्रान्झिस्टर आल्यावर ते ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर स्क्रूने आवळावे लागत. वीज धातूत उतरू नये म्हणून मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना सिलिकोनमध्ये झिंक ऑक्साइडची पूड कालवलेला पांढरा लेप. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना ही पांढरी पेस्ट घरगुती संगणक येण्यापूर्वीच ठाऊक होती.

५/
महासंगणकांच्या जगात याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या टेकत असे. उरलेल्या फटीत पेस्टऐवजी हेलियम वायू भरलेला होता, कारण तो हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहतो. पुढे ती उष्णता पाणी वाहून नेई. उपाय बदलला, तरी प्रतिस्पर्धी तोच होता : फटीतली हवा.

६/
घरगुती संगणकाला हा प्रश्न उशिरा भेडसावला. १९७८ चा इंटेल ८०८६ हीटसिंकविना चाले. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता सुमारे १५ वॅटवर गेली आणि हीटसिंकवरचा पंखा परिचयाचा झाला. २००४ मध्ये 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ च्या वेगवान आवृत्त्यांनी १०० वॅटची मर्यादा ओलांडली. कारागिराच्या पेटीतली पेस्ट आता हौशी तरुणाच्या टेबलावर आली.

७/
या काळाची खूण म्हणजे कॅलिफोर्नियातील कंपनीची 'आर्क्टिक सिल्व्हर ५', शुद्ध चांदीची पूड असलेली राखाडी पेस्ट. चांदीच्या नावाचे वलय मोठे होते. पुढे नळीवरच्या वाहकतेच्या आकड्यांनाही तसेच वलय आले. मात्र मोजणीच्या पद्धती उत्पादकागणिक वेगळ्या असल्याने दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवाडा करता येत नाही.

८/
थोडे गणित करू. १० चौरस सेंटिमीटर पृष्ठ, ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर, समान पसरलेली १०० वॅट उष्णता. फटीत हवाच असेल, तर दोन पृष्ठांमधला फरक सुमारे १९० अंश निघतो. वाहकता ४ असलेल्या पेस्टने तो सव्वा अंशावर येतो. ८ च्या पेस्टने सुमारे ०.६ अंशावर. प्रत्यक्षात उष्णता लहानशा चिपमध्ये एकवटते, म्हणून पेस्ट-पेस्टमधला फरक काही अंशांपर्यंत वाढतो. आणखी एक गोष्ट : थर दुप्पट जाड झाला, की दुप्पट वाहकतेचा लाभ पुरता संपतो.

९/
याचा धडा २०१२ मध्ये मिळाला. २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरमध्ये चिप आणि धातूचे झाकण यांना डाख दिलेला होता. पुढच्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने डाखाऐवजी पेस्ट वापरली आणि तापमान चढल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. हौशी मंडळींनी पात्याने झाकणे उचकटली. झाकण चिकटवणाऱ्या गोंदाच्या थरामुळे फट रुंदावली होती आणि खरी अडचण पेस्टच्या प्रतीपेक्षा तिच्या जाडीत होती, असे अनेक प्रयोगकर्त्यांना आढळले. २०१८ च्या कोअर आय९-९९००के मध्ये डाख परतला.

१०/
सर्वांत मोठा आकडा द्रवधातूचा. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये ज्याचे भाकीत केले आणि १८७५ मध्ये फ्रान्समध्ये जो सापडला, तो गॅलियम सुमारे ३० अंशांवर वितळतो. इंडियम आणि कथील मिसळल्यावर तो खोलीच्या तापमानातही द्रव राहतो. त्याची वाहकता पेस्टच्या कित्येक पट असते. पण तो वीज वाहतो आणि ॲल्युमिनियमला आतून ठिसूळ करतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने तो वापरला, तेव्हा तो बाहेर ओघळू नये यासाठी खास बंदिस्ती करावी लागली.

११/
लॅपटॉपचे दुखणे निराळे. तेथे चिपवर झाकण नसते. चिप तापते-निवते, धातू प्रसरण-आकुंचन पावतो आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. पहिल्या दिवशी अव्वल ठरलेली पेस्ट काही महिन्यांत मागे पडू शकते. म्हणून तेथे दाट पेस्ट, किंवा सुमारे ४५ अंशांवर मऊ होऊन फट भरणारी अवस्थांतरी पट्टी अधिक टिकते.

१२/
तर निवड अशी करावी. झाकण असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरला वीज न वाहणारी, सहज पसरणारी, नामांकित कंपनीची मध्यम किमतीची पेस्ट पुरे. लॅपटॉपसाठी टिकाऊपणा आधी पाहावा. द्रवधातू ॲल्युमिनियमच्या कूलरवर कधीही लावू नये. तांब्यावर किंवा निकेलचा मुलामा असलेल्या तळावर, आणि तोही हात बसलेला असेल तरच.

१३/
जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा आणि कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. समान दाबाने थर पातळ होतो. वरच्या गणितात १९० अंशांवरून सव्वा अंशावर आणणारी मजल साध्या पेस्टनेच गाठली होती. महागड्या नळीच्या वाट्याला उरतो तो त्यानंतरचा लहानसा हिस्सा. पैसे मोजण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.